वाचन पुन्हापुन्हा मंदावणारे क्लस्टर: रीस्टार्टच्या आधी काय तपासावे

तक्रार दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येते. कालपर्यंत फाइल पटकन उघडत होती, आज स्क्रीन गोठून राहते. कोणीतरी दोन-तीन सेवा रीस्टार्ट करते, वाचन सुधारते, तिकीट बंद होते. काही दिवसांनी तेच तिकीट नव्या क्रमांकाने उघडते. दरम्यान ज्यांचे काम त्या फाइलींवर अडलेले असते त्यांचा साठवणीवरचा विश्वास उडतो, आणि ते आपापल्या मशीनवर प्रती करून ठेवू लागतात. हे नुकसान मंदपणापेक्षा मोठे आहे.

उदाहरणासाठी मी सेफ ही वितरित, म्हणजे अनेक सर्व्हरचे एक क्लस्टर करून चालणारी, साठवण प्रणाली आणि तिच्यावर चालणारी सेफएफएस ही फाइल सिस्टिम धरली आहे. तुमच्याकडे ग्लस्टर किंवा एचडीएफएस असेल तर कमांड आणि सेटिंगची नावे बदलतील, शोधायची दिशा फारशी बदलणार नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. वाचन अधूनमधून मंदावत असेल तर कॅश वाढवणे आणि रीडअहेड (पुढचा डेटा आधीच वाचून ठेवण्याचे प्रमाण) बदलणे या गोष्टींना सर्वांत शेवटी हात लावावा. परत परत येणारा मंदपणा सहसा सगळ्या क्लस्टरमध्ये पसरलेला नसतो. एखादी डिस्क, एखादा पोर्ट, एखादे फोल्डर किंवा ठरलेल्या वेळी चालणारे एखादे काम त्याच्या मुळाशी असते, आणि क्लस्टरच्या सरासरीत ते बुडून जाते.

एका डिस्कने सगळे का अडते

सेफएफएस मोठी फाइल सलग एका जागी ठेवत नाही. डीफॉल्ट मांडणीत तिचे 4 एमआयबीचे तुकडे होतात आणि ते सगळ्या डिस्कवर विखुरतात. म्हणजे 400 एमआयबीच्या फाइलचे 100 तुकडे झाले. क्लस्टरमध्ये सारख्या आकाराच्या 60 डिस्क आहेत आणि त्यांतली एकच आजारी आहे असे धरा. कुठलाही एक तुकडा नेमका त्या डिस्ककडून वाचावा लागण्याची शक्यता 60 मध्ये 1, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. पण 100 तुकड्यांपैकी निदान एक तरी तिच्या वाट्याला येण्याची शक्यता 81 टक्क्यांच्या घरात जाते. फाइल शेवटपर्यंत वाचून व्हायची तर तो तुकडा येईपर्यंत थांबणे आलेच. म्हणून वापरणाऱ्याला वाटते की पाचातल्या चार फाइली हळू आहेत, आणि डॅशबोर्ड म्हणतो की 60 पैकी 59 डिस्क छान चालल्या आहेत. दोघेही बरोबर असतात.

त्यात भर म्हणजे सेफची स्वतःची धोक्याची घंटा फार उशिरा वाजते. एखादी विनंती 30 सेकंदांहून जास्त रखडली तरच ती ‘स्लो ऑप्स’ म्हणून मोजली जाते; ‘ओएसडी_ऑप_कम्प्लेंट_टाइम’ या सेटिंगचे डीफॉल्ट मूल्य तेवढे आहे. एखादी डिस्क प्रत्येक वाचनाला दोन-दोन सेकंद लावत असेल तरी क्लस्टरची प्रकृती ‘हेल्थ ओके’च दिसते. हिरवा रंग पाहून कोणी निर्धास्त होऊ नये.

रीस्टार्टने बरे का वाटते

ओएसडी म्हणजे प्रत्येक डिस्कमागे चालणारी सेवा. ती बंद केली की ज्या पीजींची, म्हणजे एकत्र ठेवलेल्या तुकड्यांच्या गटांची, ती प्रायमरी (वाचनाला उत्तर देणारी मुख्य प्रत) होती, त्यांचे वाचन दुसऱ्या प्रतीकडे वळते. साचलेली रांग मोकळी होते. ती परत उठून आपली जागा घेईपर्यंत वाचन खरोखरच सुधारलेले असते. फाइलींची नावे आणि फोल्डरांची माहिती सांभाळणारा मेटाडेटा सर्व्हर, म्हणजे एमडीएस, रीस्टार्ट केला तर त्याची फुगलेली कॅश रिकामी होते. आणि कधी कधी रीस्टार्टचा काहीच संबंध नसतो. रात्रीचे जड काम तेवढ्यात संपलेले असते.

रीस्टार्टमुळे पुरावा मात्र नक्की जातो. प्रत्येक ओएसडी अलीकडच्या सर्वांत हळू विनंत्यांची नोंद मेमरीत ठेवते, डीफॉल्टप्रमाणे मागच्या दहा मिनिटांतल्या 20. ‘डंप_हिस्टॉरिक_ऑप्स’ ही कमांड ती नोंद दाखवते आणि विनंती नेमक्या कुठल्या टप्प्यावर किती वेळ थांबली तेही सांगते. सेवा बंद केली की ती नोंद गेली, आणि कामगिरीचे सगळे काउंटरही शून्यावर आले. तेव्हा कितीही घाई असली तरी आधी ही नोंद, सगळ्या नोडवरचा (क्लस्टरमधल्या सर्व्हरवरचा), डिस्कचा भार दाखवणारा ‘आयओस्टॅट’ आणि ‘सेफ स्टेटस’ फाइलमध्ये उतरवून घ्या. हे सगळे एका छोट्या स्क्रिप्टमध्ये आधीच लिहून ठेवलेले असले म्हणजे मध्यरात्री फोन आल्यावर आठवत बसावे लागत नाही.

आणखी एक नोंद हवी, ती म्हणजे वेळ. तक्रार कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या फोल्डरबद्दल आणि कोणत्या क्लायंटवरून (फाइली वाचणाऱ्या मशीनवरून) आली, एवढे लिहून ठेवले तरी निम्मा तपास होतो. दर आठवड्याला त्याच सुमारास येते का? मोठा डेटा पुसल्यानंतर येते का? नव्या डिस्क घातल्यानंतर सुरू झाली का? एकाच क्लायंटला त्रास आहे का? पुढचा प्रत्येक भाग यांतल्या कुठल्या ना कुठल्या प्रश्नाशी जोडलेला आहे.

अडचण कुठल्या थरात आहे

मोजमाप करताना पहिला सापळा कॅशचा. नुकतीच वाचलेली फाइल पुन्हा वाचली तर ती क्लायंटच्या स्वतःच्या मेमरीतून येते. तिथून काढून टाकली तरी ओएसडीच्या मेमरीतून येऊ शकते. एका ओएसडीला डीफॉल्टप्रमाणे सुमारे 4 जीआयबी मेमरीचे लक्ष्य दिलेले असते, म्हणजे 60 डिस्कच्या क्लस्टरमध्ये चाचणीची लहानशी फाइल अख्खी मेमरीतच मावते. म्हणून प्रत्येक वेळी वेगळा आणि बराच काळ न वाचलेला डेटा घ्या.

मग खालून वर या. ‘आयपर्फ3’ने नोडच्या जोड्यांमधले नेटवर्क दोन्ही दिशांनी मोजा. त्यानंतर, मूळ डेटाच्याच डिस्क आणि तोच क्रश नियम (कोणता डेटा कुठल्या डिस्कवर जाईल हे ठरवणारा) वापरणारा एक चाचणीचा पूल (डेटाचा स्वतंत्र कप्पा) बनवून ‘राडोस बेंच’ चालवा: आधी लिहिणे, लिहिलेले न पुसता ठेवणे, मग सलग वाचन आणि मग विस्कळीत वाचन. ही चाचणी फाइल सिस्टिमला आणि एमडीएसला वळसा घालून थेट ओएसडीशी बोलते. शेवटी ‘एफआयओ’ने माउंट केलेल्या (क्लायंटला जोडलेल्या) फोल्डरवर वाचन करा. राडोसचा आकडा चांगला आणि फाइलीचा वाईट असेल तर एमडीएस किंवा क्लायंटकडे बघा. दोन्ही वाईट असतील तर डिस्क किंवा नेटवर्क. या चाचण्या तक्रारीच्याच वेळी व्हायला हव्यात. दुपारी निवांत क्लस्टरवर घेतलेला आकडा रात्रीच्या मंदपणाबद्दल काहीच सांगत नाही.

आजारी डिस्क शोधणे

इथे बरेच जण ‘सेफ ओएसडी पर्फ’ चालवतात, सगळे आकडे लहान दिसले की डिस्क निर्दोष ठरवतात आणि पुढे जातात. पण ती कमांड दाखवते कमिट आणि अप्लायचा विलंब, म्हणजे लिहिण्याचा. वाचनाचा विलंब ओएसडीच्या ‘पर्फ डंप’मध्ये ‘ओपी_आर_लेटन्सी’ या नावाखाली असतो. तिथल्या दोन संख्या कामाच्या: आतापर्यंतच्या वाचनांची संख्या आणि त्यांना लागलेला एकूण वेळ. त्यांचा थेट भागाकार केला तर सेवा सुरू झाल्यापासूनची सरासरी मिळते, आणि महिनाभराच्या सरासरीत आजचा त्रास दिसत नाही. म्हणून दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा आकडे घ्या, फरक काढा आणि मग भागाकार करा. सगळ्या ओएसडींसाठी हे केले आणि उतरत्या क्रमाने लावले की आजारी डिस्क बहुधा वरच्या दोन-तीन ओळींत सापडते.

आता ‘आयओस्टॅट’च्या विस्तारित रूपात ‘आर_अवेट’, म्हणजे एका वाचनाला लागणारा सरासरी वेळ, पाहा, पण तो एकटाच नाही. शेजारचा ‘आर/एस’, म्हणजे सेकंदाला किती वाचने, हाही पाहा. एकाच मॉडेलच्या डिस्कपैकी बाकीच्या 12-15 मिलिसेकंदांवर आहेत आणि एक 90 वर आहे असे समजा. त्या एकीवरची वाचने इतरांइतकी किंवा कमी असतील तर डिस्कच बिघडते आहे. वाचने इतरांच्या दुप्पट असतील तर डिस्क निर्दोष आहे, तिच्यावर भार जास्त पडतो आहे. या दोन निदानांचे उपाय वेगळे आहेत. जास्त भाराने दमलेली चांगली डिस्क काढून नवी घातली, तर नवीही तशीच दमेल.

डिस्कवर संशय असेल तर ‘स्मार्ट’च्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या, नोंदी वाचा. त्यांतल्या ‘पास्ड’ या शब्दावर विसंबू नका. साटा डिस्कवर क्रमांक 5 म्हणजे बदललेले सेक्टर, 197 म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णय बाकी असलेले सेक्टर, 199 म्हणजे केबल किंवा जोडणीतल्या चुका. 197 शून्याच्या वर असेल तर डिस्क काही जागा पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे, आणि तेवढा वेळ तिच्यामागची रांग खोळंबते. घरगुती वापरासाठी बनवलेल्या डिस्क असा प्रयत्न खूप लांबवू शकतात. सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्कवर ही मर्यादा सहसा 7 सेकंदांची असते. ‘स्मार्टसीटीएल’मध्ये ‘एससीटीईआरसी’ हा पर्याय ती मर्यादा दाखवतो, आणि डिस्कला चालत असेल तर बदलूही देतो. जिथे डेटाच्या तीन प्रती आहेत तिथे डिस्कने लवकर हार मानलेली चांगली. तुमच्या डिस्क एसएमआर प्रकारच्या आहेत का हेही पाहून घ्या. भरपूर लिहिल्यानंतर त्या आतल्या आत डेटाची फेरमांडणी करतात आणि त्या काळात वाचनही रखडते. क्लस्टरमध्ये त्या नकोतच, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच नोडवरच्या सगळ्या डिस्क एकदम हळू दिसल्या तर मात्र डिस्क सोडा आणि त्या ज्याला जोडल्या आहेत त्या कंट्रोलरकडे वळा.

डिस्क आजारी ठरली की लगेच करता येण्यासारखी एक गोष्ट आहे: तिची प्रायमरी अॅफिनिटी (प्रायमरी म्हणून निवडली जाण्याचे प्रमाण) शून्य करा. प्रतींवर चालणाऱ्या पूलमध्ये वाचन नेहमीप्रमाणे प्रायमरीकडूनच होते. अॅफिनिटी शून्य केली की प्रायमरीपण इतर प्रतींकडे जाते, डेटा मात्र जागचा हलत नाही. वाचणाऱ्यांना क्षणात आराम मिळतो, आणि डिस्क काढून नवी घालण्याचे जड काम निवांत वेळी करता येते. इरेझर कोडिंगच्या (पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे तुकडे आणि काही जादा तुकडे ठेवणाऱ्या) पूलमध्ये हा उपाय चालत नाही, कारण तिथे एका वाचनासाठी अनेक डिस्कवरचे तुकडे लागतात. तिथे पूलवर ‘फास्ट_रीड’ सुरू करून पाहता येते: मग सगळे तुकडे मागवले जातात आणि पुरेसे हाती आले की उत्तर जुळवले जाते. त्याची किंमत म्हणजे नेटवर्कवर आणि डिस्कवर वाढलेला भार, म्हणून आधीच थकलेल्या क्लस्टरवर ते जपून वापरा.

घड्याळ लावून येणारा मंदपणा

तक्रार दर आठवड्याला येत असेल तर पहिला संशय डीप स्क्रबवर. त्यात ओएसडी आपला प्रत्येक तुकडा पूर्ण वाचून प्रतींशी ताडून पाहते, आणि प्रत्येक पीजीसाठी हे डीफॉल्टप्रमाणे आठवड्यातून एकदा होते. सगळा डेटा थोड्याच दिवसांत भरलेला असेल, किंवा कोणी स्क्रब बंद ठेवून नंतर एकदम सुरू केला असेल, तर बऱ्याच पीजींची पाळी एकाच वेळी येते.

खात्री करायला मंदपणाच्या वेळी ‘नोडीप-स्क्रब’ हा ध्वज लावा आणि ‘आर_अवेट’ बघत राहा. तो खाली आला तर कारण सापडले. ध्वज मात्र त्याच दिवशी काढा. वाचनाला वेग मिळावा म्हणून स्क्रब कायमचा बंद ठेवलेली क्लस्टर असतात, आणि तिथे सडलेला तुकडा उघडकीला येतो तो दुसरी प्रत गमावल्यावर. त्याऐवजी ‘ओएसडी_स्क्रब_बिगिन_अवर’ आणि ‘ओएसडी_स्क्रब_एंड_अवर’ने कामाच्या वेळेबाहेरची खिडकी ठरवा. ती इतकी अरुंद नको की आठवड्याचे काम तिच्यात मावणारच नाही. तसे झाले तर मुदत चुकलेल्या पीजींचा ढीग साचतो आणि इशारे सुरू होतात.

सेफच्या क्विन्सी आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत एमक्लॉक हा शेड्युलर (कोणते काम आधी हे ठरवणारा) डीफॉल्ट आहे, आणि त्यामुळे जुने बरेच सल्ले निरुपयोगी झाले आहेत. बॅकफिलच्या (डेटा एका डिस्कवरून दुसरीवर हलवण्याच्या) मर्यादा बदलल्या तरी एमक्लॉक त्या जुमानत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी द्यावी लागते. तिथे प्रोफाइल बदलणे हा सरळ मार्ग: वाचणाऱ्यांना प्राधान्य हवे तर ‘हाय_क्लायंट_ऑप्स’. शिवाय एमक्लॉक प्रत्येक डिस्कची क्षमता स्वतः मोजून जपून ठेवतो. मोजणीच्या वेळी डिस्क दुसऱ्या कामात गुंतलेली असेल तर आकडा चुकीचा पडतो, आणि ती डिस्क कायमची आखडत्या हाताने वापरली जाते. ‘सेफ कॉन्फिग डंप’मध्ये ‘ओएसडी_एमक्लॉक_मॅक्स_कपॅसिटी_आयओपीएस’ने सुरू होणाऱ्या ओळी एकमेकींशी ताडून पाहा. एकाच मॉडेलच्या डिस्कमध्ये एखादा आकडा फारच वेगळा दिसला तर तो हाताने दुरुस्त करा.

रोज रात्री ठरल्या वेळी मंदपणा येत असेल तर क्लायंटवरची कामे तपासा. फाइल शोधणाऱ्या ‘लोकेट’ या कमांडसाठी सूची बनवणारे ‘अपडेटडीबी’ हे बऱ्याचदा सापडणारे कारण. माउंट वगळलेले नसेल तर प्रत्येक क्लायंट आपापल्या घड्याळाप्रमाणे अख्खे क्लस्टर पिंजून काढतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमधल्या ‘प्रूनएफएस’ यादीत सेफ आहे का ते पाहा. बॅकअप आणि व्हायरस स्कॅनर यांनाही हेच लागू.

मोठा डेटा पुसल्यावर मंदपणा येत असेल तर ओएसडीच्या आतल्या रॉक्सडीबी या डेटाबेसमध्ये पुसलेल्या नोंदींच्या खुणा साचलेल्या असू शकतात. ‘सेफ टेल’ने त्या ओएसडीला ‘कॉम्पॅक्ट’ सांगा, एका वेळी एकीलाच.

फाइल उघडायलाच वेळ लागतो तेव्हा

एकदा उघडली की फाइल झरझर वाचली जाते, पण उघडायला किंवा फोल्डरची यादी यायला वेळ लागतो, तेव्हा डिस्कच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ते एमडीएसचे काम. त्याच्या कॅशची डीफॉल्ट मर्यादा 4 जीबीच्या आसपास असते, आणि लाखो फाइलींवर काम करणाऱ्या क्लस्टरला ती अपुरी पडते. नोडवर मेमरी असेल तर ही मर्यादा वाढवणे रास्त आहे; प्रत्यक्ष वापर मर्यादेच्या वर जातो हे धरून जागा ठेवा. मेटाडेटाचा पूल एसएसडीवर हलवणे हा याहून मोठा फायदा. तो पूल आकाराने लहान असतो, त्यामुळे खर्चाच्या मानाने याइतका गुण देणारा दुसरा बदल मला माहीत नाही.

क्लायंट कॅशचा दाब जुमानत नाही असा इशारा दिसत असेल तर ‘सेशन एलएस’ने कुठल्या क्लायंटकडे किती कॅपॅबिलिटी (फाइली वापरण्याच्या परवानग्या) अडकून पडल्या आहेत ते पाहा. सहसा एकच क्लायंट यादीत खूप वर असतो, आणि त्याच्यावर कुठलेतरी शोधत फिरणारे काम चालू असते. एकाच फोल्डरमध्ये लाखो फाइली टाकणारे ॲप्लिकेशन असेल तर त्याच्या लेखकांशी बोलून उपफोल्डर करून घ्या. सर्व्हरच्या बाजूने कितीही डोके लावले तरी हे बोलणे टळत नाही.

मोठ्या डिस्क घातल्यानंतर

क्लस्टर वाढवताना 8 टीबीच्या डिस्कशेजारी 16 टीबीच्या डिस्क येतात. क्रश वजन आकाराप्रमाणे ठरते, म्हणून मोठ्या डिस्कवर दुप्पट पीजी जातात आणि साधारण दुप्पट वाचने येतात. फिरण्याचा वेग मात्र दोघींचा सारखाच. ‘आर/एस’ दुप्पट आणि ‘आर_अवेट’ चढलेला, हे वर सांगितलेले दुसरे निदान बहुतेकदा इथून येते. मोठ्या डिस्कची प्रायमरी अॅफिनिटी थोडी कमी केली की वाचनाचा भार लहान डिस्ककडे सरकतो. सेफच्या रीफ आवृत्तीपासून प्रायमरीची वाटणी समतोल करणारा रीड बॅलन्सर आहे, आणि त्यापुढच्या स्क्विडमध्ये तो चालू क्लस्टरवर आपोआप काम करू शकतो; सगळे क्लायंट तेवढे नवे असले पाहिजेत.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. 10 गिगाबिटचा पोर्ट खराब केबलमुळे 1 गिगाबिटवर उतरून बसलेला असू शकतो, आणि तिथे वाचन सेकंदाला 118 एमबीच्या आसपास येऊन थांबते. ‘एथटूल’ दोन सेकंदांत सांगते. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) 9000 ठेवला असेल तर 8972 बाइटचा, तुकडे न करता पाठवलेला पिंग प्रत्येक नोडकडून प्रत्येक नोडकडे जायला हवा. एक स्विच चुकला की लहान पॅकेट जातात, मोठे अडकतात, आणि लक्षणे अगदी आजारी डिस्कसारखी दिसतात. एकाच क्लायंटला त्रास असेल तर त्याचा रीडअहेडचा माउंट पर्याय ‘आरएसाइज’ पाहा. कर्नल क्लायंटमध्ये तो डीफॉल्टप्रमाणे 8 एमआयबी असतो, आणि कोणीतरी जुन्या सल्ल्यावरून तो घटवलेला असू शकतो.

बदल टिकला का

एका वेळी एकच बदल करा, आणि तक्रारीचे चक्र जेवढे असेल त्याच्या दुप्पट काळ थांबा. आठवड्याने येणारा त्रास दोन आठवडे आला नाही, तेव्हा तिकीट बंद करा. तोवर क्लायंटच्या बाजूने लहानशी चाचणी चालू ठेवा: दर काही मिनिटांनी जुन्या फाइलींमधून कुठलाही एक तुकडा वाचायचा, लागलेला वेळ लिहायचा, आणि दिवसाअखेर 99 वा पर्सेंटाइल (100 पैकी 99 वाचने ज्याच्या आत झाली तो वेळ) काढायचा. सरासरीचा आलेख काढूच नका.

एवढे करूनही वाचन अपुरे पडत असेल आणि सगळ्या डिस्कचा ‘आर_अवेट’ सारखाच चढलेला असेल, तर मागणीच जास्त आहे. 7200 आरपीएमची डिस्क एक फेरा 8.3 मिलिसेकंदांत करते. सरासरी अर्धा फेरा म्हणजे 4.2, हेड सरकायला साधारण 8. एकूण 12 मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे 80 विस्कळीत वाचने. 60 डिस्क मिळून 4,800, आणि मेटाडेटाची वाचने धरली तर प्रत्यक्षात त्याहून कमी. तुमच्या ॲप्लिकेशनला लहान फाइलींची 10,000 वाचने हवी असतील तर ती कुठल्याही सेटिंगमधून येणार नाहीत. तिथे एसएसडीचा वेगळा पूल करा किंवा लहान फाइली एकत्र बांधून ठेवा, आणि खर्चाची मागणी करताना हाच हिशेब पुढे ठेवा.